जुनी कंबरदुखी: मणका बरा, तरी दुखणं का जात नाही?

धुऱ्यावरून
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, यवतमाळ जिल्हा. आईचं वय ५२. दोन वर्षांमागे सोयाबीनचं पोतं उचलताना तिच्या कंबरेत उसण भरली, तेव्हापासून दुखणं सुटलेलं नाही. एमआरआयमध्ये एल४-एल५ या कंबरेच्या मणक्यांमधली गादी थोडी फुगली आहे असं आलं. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, "मणक्यात गॅप आहे, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाहीतर पाय जाईल." त्या दिवसापासून पट्टा दिवसरात्र कंबरेला. वावर बंद, चुलीसमोर बसणं बंद. तरी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी खांद्यापर्यंत चढलं.

मागच्या महिन्यात सरकारी दवाखान्यात एका मॅडमनी तिला चांगलं अर्धा तास तपासलं. म्हणाल्या, जुनी इजा केव्हाच भरली, आता नसा आणि मेंदू जास्त संवेदनशील झाले आहेत, हालचाल वाढवा. आणि एक लहान गोळी दिली. घरी आल्यावर आई चिडली. "म्हणजे माझ्या डोक्यात आहे? मी सोंग करते?" गोळ्या तशाच कोनाड्यात पडल्या आहेत.

यात खरंच तथ्य आहे का? कोणी या वाटेनं बरं झालं आहे का? आईला हे समजावू कसं?

वऱ्हाडी काका
भाऊ, मलेबी गॅप सांगतला होता. वरून टोंगळ्यातलं वंगन संपलं म्हने. आमच्या गावात पाह्यलं तं चाळिशीच्या वरच्या सगळ्यायलेच गॅप हाय, गॅपवाल्यायची वेगळी ग्रामसभा भरवा लागते आता. माह्यं म्हननं एवढंच, रिपोर्ट पाहून घाबरू नोका. मी आजबी डवरनी करतो.

फिजिओ वर्धा
धुऱ्यावरून, आधी तुमच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तोच खरा प्रश्न आहे. त्या सोंग करत नाहीत. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या जागतिक संघटनेनं, म्हणजे आयएएसपीनं, २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपणात स्पष्ट म्हटलं आहे की माणूस दुखतं म्हणाला तर त्याच्या म्हणण्याचा मान राखला पाहिजे. इजा दिसो की न दिसो, दुखणं खरंच असतं.

आता नसांचं. स्नायू किंवा गादीला इजा झाली की तिथले बारीक तंतू मज्जारज्जूला निरोप देतात, तिथून तो मेंदूकडे जातो. दुखतंय ही जाणीव तयार होते ती मेंदूत. साधी इजा काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत भरते. तीन महिन्यांच्या पुढे गेलेल्या दुखण्याला आम्ही जुनाट म्हणतो, आणि त्यात बऱ्याचदा इजेपेक्षा निरोपाची यंत्रणाच बिघडलेली असते. क्लिफर्ड वुल्फ या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशी स्वतःच जास्त उत्तेजित होतात. मग हलका स्पर्शसुद्धा दुखतो आणि दुखण्याची जागा पसरते. कंबरेचं खांद्यापर्यंत चढलं असं तुम्ही लिहिलंत, ते यात बसतं.

आपल्याकडे जागलीला बसणाऱ्याला हे लगेच कळेल. एकदा रानडुकरांनी उभी तूर लोळवली की पुढचे कितीतरी दिवस जागल्या पान हललं तरी ओरडतो. डुक्कर नसतं, पण त्याचं ओरडणं खरं असतं आणि घरच्यांची झोपमोडही खरी असते. त्याला रागावून काही होत नाही. वावर सुरक्षित आहे हे त्याला रोज थोडंथोडं पटावं लागतं.

आणि एमआरआय: ज्यांना कंबरदुखी अजिबात नाही अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा निघाला. पन्नाशीतल्या, काहीच न दुखणाऱ्या माणसांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या. ऐंशीच्या वयात ८४ टक्के. म्हणजे रिपोर्ट खोटा नाही, पण या वयात हे पांढऱ्या केसांइतकंच सर्रास आढळतं.

पऱ्हाटी
ताई, तुमचं सगळं वाचलं. पण मला हे इतक्या सहज गिळवत नाही.

मी कळंबकडची. माझी सासू, जावा, मी, सगळ्या वेचणीला जातो. कापूस वेचायचे पैसे किलोमागे मिळतात. ओटी भरत जाते तशी कंबरेला ओढते, पऱ्हाटी बुटकी असली तर दिवसभर अर्धं वाकून. घरी आलं की पाणी, चूल, ढोरं. हे शरीरावर पडणारं ओझं आहे, कोणाच्या मेंदूनं तयार केलेलं नाही. आणि बाई दवाखान्यात गेली की "टेन्शन घेऊ नका" म्हणून वाटेला लावायची जुनी सवय आहेच. माझ्या जावेला असंच सांगितलं होतं. पुढं थायरॉइड निघालं.

नसांचं शास्त्र खरं असेल. पण त्याच्या नावाखाली बाईचं दुखणं हलकं केलं जाऊ नये.

फिजिओ वर्धा
पऱ्हाटीताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. ओझं खरंच आहे, आणि मज्जासंस्था ज्या कारणांनी चढते त्यातलं ते एक मोठं कारण आहे. सततचं ओझं, अपुरी झोप, रक्ताची कमतरता, पैशाची चिंता, हे सगळं त्याच यंत्रणेत जाऊन मिळतं. म्हणून "टेन्शन घेऊ नका" हा उपचार नव्हेच. आणि आधी नीट तपासणी झालीच पाहिजे.

पीएचसी डॉक्टर
त्याबद्दल लिहितो, कारण असे धागे वाचून लोक तपासणी टाळतात.

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल वर उचलता येईना, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. ताप, वजन घटणं, पडून राहिलं तरी रात्री न थांबणारं दुखणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, ही लक्षणंही दुर्लक्षायची नाहीत. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे आणि तो औषधांनी बरा होतो. पाय जळत असतील, मुंग्या येत असतील तर साखर आणि बी-१२ तपासा. हे सगळं पाहून झाल्यावरच "नसा संवेदनशील झाल्या" म्हणायला जागा राहते. मॅडमनी अर्धा तास दिला, म्हणजे त्यांनी हे पाहिलं असावं, तरी एकदा विचारून घ्या.

गोळीचं: नाव अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन असेल तर पाकिटावर किंवा गुगलवर "डिप्रेशनची गोळी" दिसतं आणि लोक बिथरतात. मेंदूकडून मज्जारज्जूकडे खाली येणारी एक वाट आहे, ती दुखण्याचे निरोप दाबून धरते. ही औषधं त्या वाटेला हातभार लावतात. अमिट्रिप्टिलिन दुखण्यासाठी देतात तेव्हा मात्राही लहान असते. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, फायदा झाला तरी बेताचाच. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी वाटते. सुरू केल्यावर मनानं एकदम बंद करू नये.

सध्या पुण्यात
मूळचा मूर्तिजापूरचा. आईंना सांगायला एक खरी गोष्ट देतो. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका बांधकाम मजुराची नोंद आली. वय २९. त्यानं १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर उडी मारली, खिळा बुटातून आरपार वर आला. खिळा जरा हलला तरी तो कळवळत होता, शेवटी गुंगीची औषधं द्यावी लागली. बूट काढला तर खिळा दोन बोटांच्या मधून गेलेला, पायाला ओरखडाही नाही. त्याचं दुखणं काही नाटक नव्हतं.

वऱ्हाडी काका
याच्या उलटं आम्ही दरसाल पाह्यतो ना बावा. सोंगनीत इळा लागते, बोटातून रगत गयते, अन् मानसाले धुऱ्यावर येऊन पानी प्याले बसला का मंग दिसते. तोवर दुखतच नाई. दिसलं का मंग ठनके सुरू!

मळणी
मी एरवी फक्त वाचतो, पण इथं लिहावंसं वाटलं. माझा उजवा हात कोपराखाली नाही. थ्रेशरमध्ये गेला. जखम भरली, टाके निघाले, पण जो हात नाही तोच दुखायचा. मूठ आवळलेली, अंगठा आत दाबलेला आणि नखं तळव्यात रुतताहेत असं वाटायचं. उघडू म्हटलं तर मूठ उघडेना. घरात सांगायची सोय नव्हती. कोणी म्हणायचं बाहेरचं आहे, कोणी म्हणायचं हात गेल्याचं मनाला लागलं.

नागपूरला एका फिजिओथेरपिस्टनी आरसा वापरायला शिकवलं. आरसा छातीसमोर उभा धरायचा, थोटा हात आरशामागे, चांगला हात पुढं. चांगल्या हाताची मूठ हळू उघडायची आणि नजर आरशात ठेवायची. आरशात गेलेला हात उघडताना दिसतो. पहिल्यांदा ती मूठ सुटली तेव्हा मी तिथंच रडलो. डॉ. रामचंद्रन नावाच्या शास्त्रज्ञांनी नव्वदीच्या दशकात ही पद्धत काढली असं त्यांनी सांगितलं. सगळ्यांना उपयोग होत नाही म्हणतात. मला झाला. पूर्ण गेलं नाही, पण आता झोप लागते.

दुखणं नसांमध्ये आणि मेंदूत तयार होतं म्हणजे काय, हे मला कोणी पटवून द्यावं लागत नाही. ज्या जागी दुखायचं ती जागाच माझ्याकडे नाही.

रानजाई
मळणीदादा, फार मोलाचं लिहिलंत. माझ्या मामांना हे आजच वाचून दाखवते. ऊसतोडीला गेले असताना त्यांची दोन बोटं गेली, ते कोणाशी बोलतच नाहीत.

झाडीपट्टी
साकोलीकडून. आमच्याकडं रोवणीच्या दिवसात बाया सकाळपासून चिखलात वाकलेल्या असतात. संध्याकाळी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कोमट करून कंबर चोळायची, हा घरोघरीचा उपाय. काही जण बिब्ब्याचे चटकेही देतात. आजीचं दुखणं त्यानं खरंच थांबायचं. मग हे कसं?

फिजिओ वर्धा
मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेली गेट कंट्रोल थिअरी इथं उपयोगी पडते. स्पर्शाचे आणि दाबाचे निरोप जाड तंतूंतून सेकंदाला ३० मीटरहून जास्त वेगानं येतात. संथ दुखण्याचे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम १-२ मीटर. चोळलं की मज्जारज्जूत स्पर्शाचे निरोप दुखण्याच्या निरोपांना अडवतात. ठेच लागली की आपण आपोआप अंगठा चोळतो, तो याचसाठी. तेल, शेक, मायेचा हात, जरूर करा.

बिब्बा मात्र नको. एक तीव्र दुखणं दुसऱ्याला थोडा वेळ दाबतं, म्हणून आराम वाटतो. पण बिब्ब्यानं कातडी जळून फोड येतात, त्यात पू होतो. मधुमेही माणसाला तर अजिबात देऊ नका.

संत्राबाग
मोर्शी. झोपेचं कोणी नीट लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडं ओलिताला लाईन रात्रीची. पाळी आली की मध्यरात्री उठायचं, टॉर्च घेऊन पाणी फिरवायचं, पहाटे परत. रब्बीत ओळीनं रात्री जागल्या की माझी मान आणि पाठ लाकडासारखी होते, आणि दिवसाची लाईन मिळाली की त्याच कामात तेवढी दुखत नाही. काम तेच, वजन तेच. फरक फक्त झोपेचा.

पीएचसी डॉक्टर
संत्राबाग, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर. झोप मोडली की दुखण्याचा उंबरठा खाली येतो, हे निरोगी माणसांवरच्या प्रयोगांतही दिसलं आहे. दिवसा वीज द्या ही मागणी मी आरोग्याची मागणी मानतो. कर्जाच्या काळजीनं झोप उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं.

तुरीची डाळ
मले एक सांगा. आमच्या गावात एक जन येते, सुई देते, दोन रंगाच्या पुड्या देते. दुसऱ्या दिवशी मानूस पयते! मंग याले काहून वाईट म्हनता?

पीएचसी डॉक्टर
त्या पुड्यांत बहुतेक वेळा स्टेरॉइड आणि वेदनाशामक असतं, म्हणून माणूस पळतो. महिनोन्‌महिने घेतलं की चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, पोटात व्रण होतो, मूत्रपिंडं खराब होतात. माझ्याकडे असे पेशंट येतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्यांनी घाम गाळून कमावलेले पैसे देऊन हे विकत घेतलेलं असतं. नाव माहीत नसलेली पुडी घेऊ नका. आणि बरेच दिवस घेत असाल तर एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

रानजाई
वेदनाशामकावरून आठवलं, त्यातलंच एक डायक्लोफेनॅक. तेच औषध गुरांना द्यायचे, आणि मेलेली गुरं खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर गिधाडं जवळपास संपली होती. धागा भरकटवते आहे, पण आमच्या गावाबाहेरच्या हाडकीवर लहानपणी थवे पाहिले आहेत म्हणून राहवलं नाही.

कुरखेडा
मला थोडं वेगळं सांगायचं आहे. माझ्या भावाला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला. त्याला दुखणं उठतं तेव्हा विळ्यासारख्या वाकड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकलेल्या असतात, हाडाला रक्त पोचत नाही. एका दवाखान्यात रात्री त्याला "एवढं काय ओरडतो" म्हणून दोन तास बाकावर बसवलं होतं. पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी आहे, २०२३ पासून देशभर मोहीमही सुरू आहे. तरुण पोराची कंबर, खुबा, हातपाय वरचेवर दुखत असतील तर आधी सिकलसेल तपासा. मग नसांच्या गोष्टी सांगा.

फिजिओ वर्धा
कुरखेडा, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. सिकलसेलचं तीव्र दुखणं म्हणजे तातडीचा उपचार, त्यात दुमत नाही. वर्षानुवर्षं असे झटके आले की काही रुग्णांची मज्जासंस्थाही संवेदनशील होते आणि दोन झटक्यांच्या मधेही दुखत राहतं. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच माणसात असू शकतात. एकीचं नाव घेऊन दुसरी नाकारायची नाही.

सध्या पुण्यात
धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न राहिला, या वाटेनं कोणी बरं होतं का. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जुन्या पाठदुखीच्या १५१ लोकांवर एक चाचणी झाली, २०२२ मध्ये छापून आली. एका गटाला चार आठवडे "तुमची पाठ शाबूत आहे, हा मेंदूचा चुकीचा इशारा आहे" हे समजावत हालचाल करायला शिकवलं. त्यातले ६६ टक्के जवळजवळ किंवा पूर्ण वेदनामुक्त झाले. खोटं इंजेक्शन दिलेल्यांत २० टक्के, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १० टक्के.

पऱ्हाटी
त्या १५१ मध्ये कापूस वेचणाऱ्या किती?

सध्या पुण्यात
एकही नसणार, ताई. आणि त्यांचं दुखणं सौम्य ते मध्यम होतं. म्हणून मी याला हमी म्हणत नाही. पण बरं होणं शक्य आहे, एवढं यातून नक्की दिसतं.

धुऱ्यावरून
सगळ्यांचे आभार. काल रात्री हा धागा आईला वाचून दाखवला. मळणीदादांचं लिहिलेलं तिनं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "त्याचा हातच नाही तरी दुखते, अन् त्याले कोनी खोटं म्हनत नाई." त्यानंतर बराच वेळ बोलली. पाय जाईल या भीतीनं ती अंघोळीची बादलीसुद्धा उचलत नव्हती, हे मला पहिल्यांदाच कळलं.

फिजिओताई, आता नेमकं करायचं काय? पट्टा काढायचा का? मॅडमकडे पुढच्या आठवड्यात जाणार आहोत, पण तोवर?

फिजिओ वर्धा
पट्टा: जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. तिच्यात पट्टे आणि वजन लावून ओढणं, दोन्ही नेहमीच्या वापरासाठी नको म्हटलं आहे. पण दोन वर्षांची सवय एका दिवसात मोडू नका. आधी झोपताना काढा, मग घरात वावरताना थोडा थोडा वेळ.

चालण्यापासून सुरुवात करा. किती? जेवढ्यानं दुखणं जरासं वाढेल पण रात्रीपर्यंत पुन्हा पहिल्या जागी येईल, तेवढं. बरं वाटलं त्या दिवशीही तेवढंच, आणि दुखलं त्या दिवशीही शक्यतो तेवढंच. आपल्या बाया इथंच फसतात. एक दिवस बरं वाटलं की सगळं घर सारवून काढतात, मग चार दिवस खाटेवर. आठवड्यागणिक थोडं वाढवा. पुढे बसणं, मग वाकणं. अर्धी बादली उचलणं हाच व्यायाम. मधेच एखादा आठवडा दुखणं उसळेल, तेव्हा पुन्हा इजा झाली असं समजू नका. दोन पावलं मागे या आणि परत सुरू करा. कोणती हालचाल कितपत हे मॅडम हात लावून ठरवतील, मी इथून सगळं सांगू शकत नाही.

आणि "गॅप" हा विषय घरात काढू नका. पाहुण्यांनाही सांगून ठेवा.

वऱ्हाडी काका
पाहुने आयकतीन काय? दारात पाय ठेवला का पयले कंबरंचंच इचारतात.

पऱ्हाटी
धुऱ्यावरून भाऊ, आईला वेचणीला पाठवाल तेव्हाचं सांगते. ओटी पूर्ण भरेपर्यंत थांबू देऊ नका, अर्धी झाली की गाठोड्यात रिकामी करायची. दर दोन ओळींनंतर उभं राहून पाठ मागं ताणायची. मजुरी थोडी कमी पडेल, सुरुवातीला मुकादमाशी तुम्ही स्वतः बोला. आणि घरी आल्यावर पाणी तुम्ही भरा. औषधापेक्षा हे आधी.

धुऱ्यावरून
ताई, पाणी आजपासून मी भरतो. मुकादम काकाच आहे, त्याच्याशी बोललो तर ऐकेल. आई विचारते आहे, चुलीसमोर पाटावर बसलेलं चालेल का? भाकरी तिला स्वतःच थापायच्या आहेत.

फिजिओ वर्धा
चालेल. पाट जरा उंच घ्या, दोन-तीन भाकरी झाल्या की उठून अंगणात एक फेरी. बाकीच्या तुम्ही थापा.